नाशिकहून रामोजी फिल्म सिटी: स्टुडिओचा दिवस आधी ठरवून केलेली हैदराबादची कौटुंबिक सहल

सहलीच्या आखणीत फिल्म सिटी बहुधा शेवटी चिकटवली जाते. हैदराबादला जायचे, चारमिनार आणि गोवळकोंडा पाहायचा, मोत्यांची खरेदी करायची आणि जमलेच तर एखाद्या दिवशी रामोजी फिल्म सिटी उरकायची, अशी यादी तयार होते आणि स्टुडिओच्या वाट्याला दमलेली मुले, दुपारचे ऊन आणि परतीच्या गाडीची धास्ती येते. नाशिकच्या कुटुंबाने ही आखणी उलट्या टोकाने करावी, म्हणजे स्टुडिओचा दिवस सर्वांत आधी पक्का करावा आणि रेल्वे, मुक्काम व शहरदर्शन हे सगळे त्याच्या मागेपुढे बसवावे, असे मला वाटते. पुढचे टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत. आई-वडील, दोन शाळकरी मुले आणि आजी-आजोबा असे सहा जणांचे कुटुंब डोळ्यांसमोर आहे. माणसे कमी असतील तर आखणी सोपीच होते.

कोणता स्टुडिओ?

नाशिकला सर्वांत जवळची चित्रनगरी म्हणजे मुंबईत गोरेगावला असलेली दादासाहेब फाळके चित्रनगरी. राज्य शासनाने ती १९७७ मध्ये उभारली आणि २००१ मध्ये तिला फाळके यांचे नाव दिले. मात्र ही मुख्यतः चित्रीकरणाची, म्हणजे कामाची जागा आहे. तिथे कोणालाही थेट आत शिरता येत नाही आणि आयोजित सहलीतूनही किती सेट पाहायला मिळतील हे त्या दिवशी कुठे काय चित्रीकरण चालू आहे त्यावर अवलंबून राहते. हाताशी दोनच दिवस असतील आणि मुले आठवी-नववीतली असतील, तर मुंबईचा पर्याय अवश्य घ्यावा, पण त्याला पेडर रोडवरील गुलशन महालातले भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय जोडावे. २०१९ मध्ये खुले झालेले हे संग्रहालय सोमवारी बंद असते. चित्रनगरीची सहल आखडती झाली तरी संग्रहालयामुळे दिवस वाया जात नाही.

लहान मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर मात्र माझा कौल हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला आहे. 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली. सुमारे १,६६६ एकरांचा हा परिसर जगातले सर्वांत मोठे चित्रपट स्टुडिओ संकुल म्हणून गिनेस बुकात नोंदलेला आहे. इथेही चित्रीकरणे होतात, पण पर्यटकांसाठी वेगळा मार्ग, ठरलेल्या बसगाड्या, वेळापत्रकाप्रमाणे होणारे कार्यक्रम, उपाहारगृहे आणि स्वच्छतागृहे अशी सगळी व्यवस्था आहे. सहा जणांना दिवसभर सांभाळायचे असेल, तर याच व्यवस्थेसाठी पैसे मोजायचे असतात. एखादा नट दिसेल ही आशा मुलांच्या मनातून आधीच काढून टाकावी; चालू चित्रीकरणाच्या जागी पर्यटकांना नेत नाहीत.

कोणत्या दिवसांत जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. फिल्म सिटीतला बराचसा वेळ उघड्यावर जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी सोयीची वाटली तरी आजी-आजोबांसाठी ती त्रासाची ठरते. पावसाळ्यात हवा बरी असते, पण उघड्यावरच्या कार्यक्रमांवर पाणी पडू शकते.

हिवाळ्यातही दोन गोष्टी पाहाव्यात. दसरा-दिवाळी आणि नाताळ-नववर्षाच्या सुमारास रामोजीत उत्सवाचे दिवस जाहीर होतात, त्या वेळी संध्याकाळी उशिरापर्यंत रोषणाई आणि मिरवणूक असते. मुलांना हे फार आवडते, मात्र गर्दी आणि तिकिटाचे दर दोन्ही वाढतात. दुसरी गोष्ट संक्रांतीची. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि फार तर पतंग. आंध्रात तो वर्षातला सर्वांत मोठा घरी जाण्याचा सण आहे. हैदराबादेत नोकरीला असलेले आंध्रातले लोक त्या आठवड्यात विजयवाडा महामार्गाने गावी निघतात आणि फिल्म सिटी याच महामार्गावर आहे. जानेवारीच्या दहा तारखेपासून संक्रांत उलटून लोक परतेपर्यंत हा रस्ता तासन् तास तुंबू शकतो. तो आठवडा सोडून द्यावा.

वार कसे जुळवावेत?

सगळी सहल या टप्प्यावर उभी राहते किंवा कोसळते. रामोजी आठवड्याचे सातही दिवस खुली असते, पण शनिवार-रविवारी बस आणि कार्यक्रमांच्या रांगा लांबतात, म्हणून स्टुडिओसाठी सोमवार ते गुरुवार यांतला वार निवडावा. शहरातील सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा शुक्रवारी बंद असतात. नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते. गोवळकोंड्याचा ध्वनिप्रकाश कार्यक्रमही सोमवारी नसतो.

हे सगळे एकत्र मांडले की शनिवारी रात्री निघणे सर्वांत सोयीचे ठरते. रविवारी सकाळी हैदराबादला पोहोचून थोडी विश्रांती, मग संग्रहालय आणि जुने शहर. सोमवारचा पूर्ण दिवस रामोजी. मंगळवारी सकाळी गोवळकोंडा आणि संध्याकाळी परतीची गाडी. बुधवारी सकाळी घरी. स्टुडिओचा दिवस मधला असल्याने आदल्या रात्री सगळ्यांची झोप झालेली असते आणि त्या दिवशी गाडी पकडायची घाई नसते. पोहोचण्याच्या दिवशीच रामोजीला जाण्याचा बेत अनेक जण एका मुक्कामाचे पैसे वाचवण्यासाठी करतात, पण रेल्वेतली अर्धवट झोप आणि उशिरा पोहोचणारी गाडी यांमुळे महागड्या तिकिटाचा अर्धा दिवस हातचा जातो.

नाशिकहून हैदराबाद

नाशिकरोडहून थेट जाणारी गाडी म्हणजे मुंबईहून येणारी देवगिरी एक्सप्रेस. ती नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येते आणि सिकंदराबादला दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचते. मध्यरात्रीनंतरच्या गाडीत तारखेचा घोळ हमखास होतो: शनिवारी रात्री जेवून स्टेशनवर जायचे असेल, तर नाशिकरोडहून तिकीट रविवारच्या तारखेचे हवे. शिवाय झोपलेल्या मुलांना उचलून चढवायचे आणि दुपारी पोहोचल्यावर तो दिवस जवळजवळ संपलेला असतो.

मुले बरोबर असताना मनमाडहून सुटणारी अजिंठा एक्सप्रेस अधिक चांगली आहे. ती रात्री सुटते आणि सकाळी हैदराबादेत पोहोचवते. गाडी मनमाडहूनच सुटत असल्याने सामान लावायला निवांत वेळ मिळतो आणि मुले वेळेवर झोपतात. अडचण एवढीच की आधी मनमाड गाठावे लागते. नाशिकरोडहून मनमाडला रेल्वेने साधारण तासभर लागतो, पण मुंबईहून येणाऱ्या गाड्यांच्या उशिराचा भरवसा नसल्याने मध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. सहा माणसे आणि सामान असेल तर पिंपळगाव, चांदवडमार्गे गाडी करून जाणे खर्चाच्या मानाने परवडते. निफाड-लासलगाव बाजूच्या कुटुंबांना तर मनमाड नाशिकरोडइतकेच सोयीचे पडते. हा मार्ग निजामाच्या काळातल्या हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत गाडी पुढे बासरजवळ गोदावरी ओलांडते. त्र्यंबकेश्वरला उगवलेली आपली नदी तिथे केवढी रुंद झालेली असते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे; रात्रीची ही गाडी तिथून अंधारातच जाते.

आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पूर्वीची एकशेवीस दिवसांची मुदत नोव्हेंबर २०२४ पासून कमी झाली आहे, हे ज्यांनी बऱ्याच वर्षांत लांबचा प्रवास केलेला नाही त्यांनी लक्षात घ्यावे. दिवाळीच्या सुट्टीसाठी आरक्षण खुले होण्याच्या दिवशीच तिकीट काढावे. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी पूर्ण बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते आणि बर्थ नको असेल तर निम्मे. रात्रीच्या प्रवासात दुसरा पर्याय घेऊ नये. आजी-आजोबांचे तिकीट मात्र सहा जणांच्या तिकिटात न घालता दोघांचेच वेगळे काढावे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी असलेला खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच असे प्रवासी असतील तर लागू होतो. बाकीच्यांचे तिकीट त्याच डब्यात मिळेल असे पाहावे.

सिकंदराबाद स्थानकाच्या पुनर्विकासामुळे काही गाड्या काचीगुडा किंवा २०२५ मध्ये सुरू झालेल्या चर्लपल्ली टर्मिनसकडे वळवल्या गेल्या आहेत. तिकिटावरचे शेवटचे स्थानक वाचूनच पुढची टॅक्सी ठरवावी, कारण ही तिन्ही स्थानके शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत.

ओझरहून हैदराबादला थेट विमानाचा पर्यायही आहे. वेळापत्रक हंगामानुसार बदलत असल्याने ते आधी पाहावे. विमानाने जाणाऱ्यांना एक सोय मिळते. शमशाबादचा विमानतळ आणि विजयवाडा महामार्ग हे दोन्ही शहराभोवतीच्या बाह्यवळण मार्गाने जोडलेले आहेत, त्यामुळे शहरात न शिरता पेद्दा अंबरपेटला उतरून थेट फिल्म सिटीकडे जाता येते. विमान संध्याकाळी पोहोचत असेल, तर पहिला मुक्काम रामोजी परिसरातच करून दुसऱ्या दिवशी स्टुडिओ पाहावा आणि मग शहरात यावे. स्वतःची मोटार घेऊन जाण्याचा सल्ला मी देणार नाही. अंतर साडेसहाशे किलोमीटरहून जास्त आहे आणि चालवणाऱ्याची सहल तिथेच संपते.

मुक्काम कुठे असावा?

हॉटेल शोधताना हायटेक सिटी, गच्चीबावली, माधापूर या भागांतील चकचकीत आणि शनिवार-रविवारी स्वस्त मिळणारी हॉटेले समोर येतात. हे भाग शहराच्या पश्चिम टोकाला आहेत. फिल्म सिटी पूर्वेला, शहराच्या बाहेर तीसेक किलोमीटरवर. म्हणजे स्टुडिओच्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी, संपूर्ण हैदराबाद आडवे पार करावे लागते. ते टाळण्यासाठी मुक्काम पूर्वेच्या बाजूला किंवा मध्यभागी करावा. दिलसुखनगर ते एल. बी. नगर हा पट्टा मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो मेट्रोच्या लाल मार्गावर आहे, तिथून फिल्म सिटीचा रस्ता सरळ आहे आणि उलट दिशेला काही स्थानकांवर एम.जी.बी.एस. म्हणजे मुख्य बसस्थानक व त्याजवळ सालारजंग संग्रहालय येते. काचीगुडा, नारायणगुडा, कोटी या मध्यवर्ती भागात जुनी, साधी, शाकाहारी जेवणाची सोय असलेली हॉटेले मिळतात. वरच्या मजल्यावरची खोली असेल तर लिफ्ट आहे का, हे आजी-आजोबांसाठी फोन करून विचारावे.

फिल्म सिटीच्या आतही सितारा, तारा अशी हॉटेले आहेत आणि मुक्काम-प्रवेश मिळून पॅकेजे असतात. एक रात्र तिथे राहण्यात मजा आहे, पण दोन रात्री राहिले तर शहर हातचे जाते.

निघण्यापूर्वी नाशिकमध्येच करायची तयारी

ही पायरी प्रवासी कंपन्यांच्या कुठल्याही कार्यक्रमात नसते, आणि माझ्या मते सहलीचा अर्धा आनंद तिच्यात आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन नाशिकलाच झाले. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा पहिला चित्रपट मुंबईत दादरला तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन थिएटरात लागला, पण त्याच वर्षी त्यांनी आपला सगळा पसारा नाशिकला हलवला. पुढचे चित्रपट इथे तयार झाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचे कामही नाशिकहून चालले. स्टुडिओ पाहायला परराज्यात निघालेल्या मुलांना हे आधी ठाऊक असायला हवे.

त्यासाठी जाण्याआधीच्या एखाद्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाकडे फेरी मारावी आणि त्याच वेळी लेणीही पाहावीत. मुलांना दोन-तीन गोष्टी सांगाव्यात. 'लंकादहन' (१९१७) या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. फाळके छायाचित्रण, छपाई आणि जादूचे प्रयोगही जाणत होते आणि कॅमेरा मध्येच थांबवून वस्तू नाहीशी करणे किंवा एकाच फितीवर दोनदा चित्रण करणे या युक्त्या ते सहजपणे वापरत.

चौथी गोष्ट सांगण्याऐवजी करून पाहावी. मोठा चित्रपट काढण्याआधी, १९१२ मध्ये, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपून महिनाभराहून अधिक काळ चित्रित केली आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभे केले. मुलांनी ओल्या फडक्यावर मूग पसरावेत, मोबाइल एखाद्या डब्याला टेकवून पक्का ठेवावा, प्रकाश सारखा राहील असा दिवा लावावा आणि मोबाइलमधील टाइमलॅप्स सुरू करावा. मोबाइल दोन दिवस अडकवून ठेवणे शक्य नसेल तर जमिनीवर खडूने खूण करून दर दोन तासांनी त्याच जागेवरून एक फोटो काढला तरी चालते. मोड येताना दिसले की चित्रपट म्हणजे सुट्या चित्रांची माळ असते हे मुलांना उमगते, आणि मग रामोजीत दिसणारी प्रत्येक युक्ती त्यांना ओळखीची वाटते.

तिकीट

रामोजीचे तिकीट ऑनलाइन काढता येते आणि तसेच काढावे. मोठ्या माणसाच्या साध्या तिकिटालाही हजार रुपयांच्या वर खर्च येतो, त्यामुळे सहा जणांच्या कुटुंबासाठी रेल्वेनंतरचा हा मोठा आकडा असतो. साध्या तिकिटाबरोबरच वातानुकूलित बस, जेवण आणि कार्यक्रमात राखीव जागा देणारी महाग तिकिटे असतात. आई-वडील आणि मुले एवढेच जाणार असतील तर साधे तिकीट पुरते. आजी-आजोबा असतील तर वरच्या दर्जाचे तिकीट घेण्यात शहाणपणा आहे, कारण रांगेत उभे राहणे आणि उन्हात बसची वाट पाहणे यातच त्यांची शक्ती संपते. फक्त दोघांसाठी महाग आणि चौघांसाठी साधे अशी वाटणी करू नये. बस वेगळ्या होतात आणि दिवसभर एकमेकांना शोधण्यात वेळ जातो. मुलांच्या सवलतीचा निकष, साहसी खेळांचे वेगळे शुल्क आणि तिकीट रद्द करण्याचे नियम पैसे भरण्यापूर्वी वाचावेत.

जाण्यायेण्याची टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी. सकाळी अॅपवरून टॅक्सी सहज मिळते, पण संध्याकाळी एकाच वेळी हजारो माणसे बाहेर पडतात आणि शहराबाहेरच्या त्या ठिकाणी रिकाम्या टॅक्सी नसतात. खर्च कमी ठेवायचा असेल तर मेट्रोने एल. बी. नगर आणि तिथून विजयवाडा महामार्गाकडे जाणारी बस, हा मार्ग आहे. वडीलधारी बरोबर असताना तो घेऊ नये.

रामोजीतला दिवस

सकाळी साडेआठच्या सुमारास प्रवेशद्वाराशी पोहोचावे. पर्यटकांच्या गाड्या बाहेरच थांबतात. तिकीट तपासल्यावर फिल्म सिटीची बस आत घेऊन जाते आणि 'युरेका' नावाच्या मुख्य चौकात सोडते. इथे पोहोचल्यावर सगळे जण इकडेतिकडे पांगतात. तसे न करता पहिली पाच मिनिटे एका कामाला द्यावीत: त्या दिवशीच्या कार्यक्रमांच्या वेळा लिहून घ्याव्यात किंवा फलकाचा फोटो काढावा. सेट दाखवणाऱ्या बस दिवसभर सुटत राहतात, पण स्टंट शो, नृत्याचा कार्यक्रम आणि चित्रपटनिर्मितीचे प्रात्यक्षिक यांच्या वेळा ठरलेल्या असतात. म्हणून आधी कार्यक्रमांच्या वेळा पक्क्या कराव्यात आणि मधल्या रिकाम्या जागांत सेट, बागा आणि जेवण बसवावे. त्याच वेळी चुकामूक झाल्यास भेटण्याची एक जागा सर्वांना दाखवून ठेवावी आणि लहान मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहावा.

ऊन वाढायच्या आत सेटची बसफेरी करावी. लाल रंगाच्या जुन्या धाटणीच्या बसमध्ये मार्गदर्शक हिंदीतून माहिती देत असतो. इथे विमानतळ आहे, रेल्वे स्थानक आहे, तुरुंग आहे, परदेशी वाटणारे रस्ते आहेत, उत्तरेकडचे शहर आणि दक्षिणेकडचे खेडे आहे. बहुतेक पर्यटक प्रत्येक ठिकाणी उभे राहून स्वतःचा फोटो काढतात आणि पुढे जातात. फोटो जरूर काढावेत, पण त्याआधी मुलांना एक काम द्यावे: इमारतीची मागची बाजू शोधायची. एकाच इमारतीच्या चार बाजूंना चार वेगवेगळ्या इमारतींचे दर्शनी भाग दिलेले आहेत. दगडी वाटणारी भिंत टकटक केल्यावर पोकळ वाजते. वरच्या मजल्याला खिडकी आहे पण खोली नाही. रेल्वे स्थानकाच्या नावाची पाटी बदलली की गाव बदलते. नाटकाच्या नेपथ्याशी परिचय असलेल्या घरात हे मुलांना पटकन कळते. फरक एवढाच की प्रेक्षक नाट्यगृहात एका खुर्चीवरून पाहतो आणि इथे कॅमेरा फिरतो, म्हणून देखावा जास्त बाजूंनी सजवावा लागतो. भिंतीवरचे डाग, गंज आणि उडालेला रंग हे सगळे मुद्दाम रंगवलेले असते, हेही त्यांना शोधू द्यावे.

'बाहुबली' या २०१५ आणि २०१७ मध्ये आलेल्या दोन भागांच्या चित्रपटाचे बरेच चित्रीकरण इथे झाले आणि त्याच्या सेटचा काही भाग पर्यटकांसाठी ठेवलेला आहे. मुलांना पडद्यावर दिसलेले अवाढव्य शहर आणि समोरचा सेट यांत तफावत जाणवते, ती त्यांच्याकडूनच वदवून घ्यावी: जे इथे नाही ते संगणकावर रंगवलेले होते.

माध्यान्हीचे ऊन सुरू झाले की छताखालच्या कार्यक्रमांकडे वळावे. त्यांत 'मूव्ही मॅजिक' चुकवू नये; वेळ कमी पडला तर बाकी काहीही सोडावे, पण हे नाही. प्रेक्षकांतूनच कोणाला तरी मंचावर बोलावतात, साध्या हालचाली करायला लावतात, मग त्या चित्रावर पार्श्वभूमी आणि आवाज चढवून पूर्ण झालेला प्रसंग पडद्यावर दाखवतात. आवाज वेगळा तयार करून चित्राला जोडतात, हे कळल्यावर मुलांचे टीव्ही पाहणे बदलते. जेवण साडेबाराच्या आत किंवा दोननंतर घ्यावे. मधल्या वेळेत उपाहारगृहांत उभे राहायलाही जागा नसते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, म्हणून पथ्य असलेल्यांची औषधे आणि बाळाचे अन्न असेल तर ते प्रवेशापाशी सांगून न्यावे. आंध्रचा तिखटपणा मुलांना झेपत नसेल तर दहीभात, इडली किंवा नुसते वरण, ज्याला तिकडे पप्पू म्हणतात, ते मागावे.

दुपारी पाय थकतात तेव्हा कुटुंबाचे दोन गट करावेत. लहानांना 'फंडुस्तान' हा खेळांचा भाग पुरतो. 'बोरासुरा' ही अंधारी, भीतीदायक वाट मात्र सहा-सात वर्षांच्या मुलाला हौसेपोटी दाखवू नये. रात्री झोप उडते ती सगळ्यांची. आजी-आजोबांनी या वेळात सावलीत बसावे. ऊन उतरल्यावर पक्षी उद्यान, फुलपाखरांचे उद्यान आणि बोन्साय बाग सगळ्यांनी मिळून पाहावीत. शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारून ठेवावी आणि तिच्या आधीच्या बसने मुख्य चौकात परतावे.

बरोबर न्यायचे सामान थोडकेच असावे: टोप्या, पाण्याच्या बाटल्या, सैल चपला किंवा बूट, मोबाइलचा पॉवर बँक, आणि संध्याकाळच्या गारव्यासाठी डिसेंबर-जानेवारीत एक पातळ स्वेटर.

शहराचे दोन अर्धे दिवस

रविवारी सकाळी हॉटेलवर अंघोळ-नाश्ता उरकून सालारजंग संग्रहालय गाठावे. मोठ्या संग्रहालयात मुले कंटाळतात, म्हणून सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा. संगीत घड्याळ आणि बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची संगमरवरी 'व्हेल्ड रिबेका', एवढे नक्की पाहावे. घड्याळातली छोटी आकृती दर तासाला बाहेर येऊन टोले देते. बारा टोले ऐकायला गर्दी होते म्हणून अकराचे टोले बरे. पातळ ओढणीतून चेहरा दिसावा तसा दगड कोरलेली रिबेका पाहिल्यावर दुसऱ्या दिवशीच्या प्लास्टरच्या देखाव्यांशी मुले स्वतःहून तुलना करू लागतात. तिथून चारमिनार जवळ आहे. १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने बांधलेली ही वास्तू, लाड बाजारातल्या बांगड्या, इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे एवढे झाले की संध्याकाळी लवकर हॉटेलवर परतावे. दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे असते.

मंगळवारी खोली सोडून सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवावे आणि सकाळी नऊच्या आत गोवळकोंडा गाठावा. फतेह दरवाज्याखाली टाळी वाजवली की ती टेकडीच्या माथ्यावरच्या बालाहिसारला ऐकू जाते, हा प्रयोग दोन गट करून करावा. वर जायला साडेतीनशेहून अधिक पायऱ्या आहेत, तेव्हा आजी-आजोबांनी खालीच टाळी वाजवण्याची जबाबदारी घ्यावी. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकात पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसते. वय दाखवणारे ओळखपत्र जवळ असू द्यावे.

दुपारचे जेवण हॉटेलच्या परिसरात घ्यावे आणि तिथूनच रात्रीसाठी इडली किंवा पराठे बांधून घ्यावेत. परतीची अजिंठा संध्याकाळी सुटते आणि कामावरून सुटणाऱ्यांची गर्दीही त्याच वेळी रस्त्यावर येते, म्हणून स्थानकाकडे गाडी सुटण्याच्या दोन तास आधी निघावे. मनमाडला सकाळी उतरल्यावर नाशिकरोडकडे जाणारी गाडी मिळते, पण आधीच ठरवलेली मोटार उभी असेल तर सहा जणांना आणि सामानाला जिने चढउतार करावी लागत नाही. मुलांच्या शाळेत बुधवारची रजा मात्र निघण्यापूर्वीच कळवून ठेवावी; गाडी वेळेवर आली तरी त्या दिवशी कोणी शाळेत जाणार नसते.